परक्या वाड्यातील खलबतखाना

तळेगाव दाभाड्याहून चाकणच्या रस्त्याने निघाले म्हणजे थोड्याच वेळात इंद्रायणीच्या काठी इंदुरी गाव लागते. गावाची ओळख सांगताना लोक प्रथम तेथील भुईकोटाचे नाव घेतात. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तो १७२०-२१ च्या सुमारास बांधविला. त्याचा दरवाजा व काही बुरूज अजून उभे आहेत. आत कडजाई देवीचे देऊळ आहे. आम्ही पुष्कळ वेळा तेथे गेलो आहोत, आणि प्रत्येक वेळी कोटाकडे पाहून एकच प्रश्न मनात येतो: गुप्त बोलणे जेथे व्हावयाचे ती जागा नेमकी कशामुळे सुरक्षित होते? भिंतीच्या जाडीमुळे, की भिंतीच्या मालकामुळे?

आपल्या जुन्या गड-वाड्यांची रचना आठवा. थोरला दरवाजा सहसा बंदच. त्यातच कापलेली लहान दिंडी, जिच्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येऊ शकेल. पुढे चौक, मग सदर, मग माजघर आणि कोठेतरी आत खलबतखाना. एकात एक अशा जागा. बाहेरचा माणूस सदरेपर्यंत आला तरी खलबत त्याच्या कानी पडू नये, हा हेतू. पण वाड्याचा मालकच फितूर असेल, किंवा भिंतीपलीकडे त्याने माणूस बसविला असेल, तर आतल्या दाराला कितीही कड्या घातल्या तरी काय उपयोग? खुद्द दाभाड्यांच्या घराण्याने हे भोगले. खंडेरावांच्या मागून सेनापती झालेले त्रिंबकराव यांनी निजामाशी संधान बांधले. ती बातमी पहिल्या बाजीरावास लागली. आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत त्रिंबकराव पडले. त्या प्रसंगात न्याय कोणाच्या बाजूस होता हा वाद इतिहासकारांनी चालवावा. आमच्यापुरता मुद्दा इतकाच की, खलबत फुटले.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते मात्र संगणकाविषयी. श्रोत्यांपैकी काहींना हे ऐकून आश्चर्य वाटेल. इतिहासाचे व्याख्यान म्हणून बोलाविले आणि हे गृहस्थ यंत्रे घेऊन बसले! पण यंत्रालाही आता इतिहास झाला आहे, आणि त्यातील एक प्रकरण तर वाड्यातील खलबतखान्याचेच आहे. आपला नेहमीचा संगणक सुरू करावयाचा, त्यात एक दुसरा, खोटा संगणक उभा करावयाचा आणि त्या खोट्या संगणकात गुप्ततेसाठी मुद्दाम घडविलेली ऑपरेटिंग सिस्टिम चालवावयाची, असा एक उद्योग अलीकडे जाणते तरुण करतात. वरवर पाहता युक्ती मोठी चोख आहे. ती कोठे टिकते आणि कोठे फसते, हे तिच्या इतिहासावरून जितके कळते तितके कोणत्याही जाहिरातीवरून कळत नाही.

प्रथम त्या खोट्या संगणकाची कथा. त्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात; आम्ही त्यास आभासी यंत्र म्हणू. त्याचा जन्म गुप्ततेच्या पोटी झाला नाही, काटकसरीच्या पोटी झाला. १९६० च्या सुमारास संगणक म्हणजे एक दालन भरेल एवढे धूड असे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामास लागला. असे यंत्र एकेकास स्वतंत्र देणे कोणासच परवडण्याजोगे नव्हते. म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयात फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची रीत दाखविली. अनेकांचे काम एका यंत्रात आले, तेव्हा प्रत्येकाचे कागद वेगळे राखण्यासाठी परवलीचा शब्द आला. आणि तो आला न आला तोच फुटलाही! १९६२ साली तेथील ॲलन शेर या संशोधकास यंत्रावर मिळणारा वेळ पुरेना, म्हणून त्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःच हे कबूल केले. परवलीचा शब्द आणि त्याची चोरी ही अशी जुळी भावंडे आहेत.

आभासी यंत्र खऱ्या अर्थाने घडले ते आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात. रॉबर्ट क्रीसी यांच्या पुढाकाराने १९६४ साली काम सुरू झाले आणि सीपी-४० ही व्यवस्था १९६७ च्या जानेवारीत कामास लागली. तिच्यात एका खऱ्या यंत्रावर चौदा आभासी यंत्रे चालत. आपल्यापुढे एक संपूर्ण संगणक आहे आणि तो सर्वस्वी आपलाच आहे असे प्रत्येक वापरणाऱ्यास वाटे. १९७२ साली कंपनीने व्हीएम/३७० या नावाने ही सोय सर्व गिऱ्हाइकांपुढे मांडली.

हे नेमके कसे घडते ते नाटकाच्या दृष्टांताने चांगले कळेल. रंगभूमीवर राजा सिंहासनावर बसतो, हुकूम सोडतो, "दिवे आणा" म्हणतो. दिवे येतात. राजाला वाटते आपण हुकूम केला म्हणून आले; वस्तुतः ते सूत्रधाराने आणविले. राजाचा प्रत्येक हुकूम सूत्रधाराच्या कानावरून जातो. द्यावयाचे ते तो देतो, न द्यावयाचे ते नाही. आभासी यंत्रातील ऑपरेटिंग सिस्टिम हा तो राजा. त्यास पाहुणा म्हणण्याची या शास्त्रात रीत आहे. खऱ्या यंत्रावरची मूळची ऑपरेटिंग सिस्टिम ही यजमान. आणि दोघांमध्ये उभे राहून हुकूम झेलणारा कार्यक्रम हा सूत्रधार. १९७४ साली जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी सूत्रधाराची लक्षणे शास्त्रशुद्ध मांडली. पाहुण्यास सर्व काही खऱ्या यंत्रासारखेच भासावे. बहुतेक काम थेट खऱ्या यंत्रावर चालून वेग राखावा. आणि यंत्राच्या साधनसामग्रीवरील सत्ता मात्र सर्वस्वी सूत्रधाराच्या हाती असावी. या तिसऱ्या लक्षणाकडे श्रोत्यांनी लक्ष ठेवावे, कारण पुढचे सर्व रामायण त्यातच आहे.

घरोघरी पोहोचलेल्या संगणकांत मात्र हे पुष्कळ वर्षे जमत नव्हते. इंटेल जातीच्या प्रक्रियकात सतरा आज्ञा अशा होत्या की, राजाने त्या उच्चारल्या तरी सूत्रधारास कळतच नसे. त्या परस्पर निसटत. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यावर तोड काढली. राजाची वाक्ये त्याच्या तोंडून बाहेर पडण्यापूर्वीच वाचावयाची, आणि अडचणीची वाक्ये बदलून टाकावयाची. १९९९ साली त्यांचे उत्पादन बाजारात आले. २००५-०६ मध्ये प्रक्रियक बनविणाऱ्यांनीच ही सोय आत घातली, २००७ साली व्हर्च्युअलबॉक्स हा कार्यक्रम मुक्त स्वरूपात उपलब्ध झाला, आणि आयबीएमच्या दालनातील चीज मावळातल्या कॉलेजकुमारांच्या मांडीवर आली.

आता दुसरे पात्र: गुप्ततेसाठी घडविलेली ऑपरेटिंग सिस्टिम. गुप्तता राखण्याची कला आम्हा मराठी लोकांस कोणी परदेशातून शिकविलेली नाही. चौदाव्या शतकातील महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. शेकडो वर्षे ते पंथाबाहेरच्यांस अगम्य राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली विद्वानांपुढे मांडली तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची आरंभीची पाने नव्याने लिहावी लागली. महानुभावांनी मजकूर झाकला. बेचाळीसच्या चळवळीत दुसरी तऱ्हा दिसली. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी तो सुरू झाला. मजकूर सर्व जगाने ऐकावा अशीच इच्छा होती. झाकावयाचे होते ते ठिकाण. म्हणून "हिंदुस्थानातील कोठून तरी" एवढाच पत्ता सांगितला जाई, आणि प्रक्षेपक मुंबईत या घरातून त्या घरात फिरत राही. पोलिसांची फिरती यंत्रे मागावर होतीच. पण १२ नोव्हेंबर १९४२ च्या धाडीस कारणीभूत झाला तो त्यांच्याच वर्तुळातील एक तंत्रज्ञ. यंत्रापेक्षा यंत्राजवळचा माणूस आधी फुटला.

मजकूर झाकणे एक आणि ठिकाण झाकणे दुसरे, हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे टॉर ही वस्तू सहज समजते. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९०-२००० या दशकाच्या मध्यास पॉल सायव्हरसन, मायकेल रीड व डेव्हिड गोल्डश्लाग यांनी तिचा पाया घातला. कल्पना कांद्याची आहे. पत्र तीन लखोट्यांत एकात एक घालावे आणि तीन चौक्यांवरून पाठवावे. पहिल्या चौकीने बाहेरचा लखोटा फोडावा. तिला पत्र कोठून आले ते कळते, पण शेवटी कोठे जाणार ते कळत नाही. मधलीला दोन्ही टोके ठाऊक नाहीत. शेवटच्या चौकीला पोहोचविण्याचे ठिकाण कळते, पण पाठविणारा कळत नाही. नौदलाने अशी वस्तू सर्वांस मोकळी का करावी? कारण सरळ आहे. ती केवळ नौदलानेच वापरली असती तर तीतून येणारा प्रत्येक निरोप नौदलाचाच हे उघड झाले असते. गर्दीत लपावयाचे तर प्रथम गर्दी हवी.

टॉरच्या पायावर २००९ साली उभी राहिली ती टेल्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या आरंभीच्या नावाचा अर्थच "विस्मृती". ती पेनड्राइव्हवर राहते. संगणक तिच्यापासून सुरू करावा. आतली हार्ड डिस्क ती आपण होऊन वापरीत नाही, सारे काम तात्पुरत्या स्मृतीत चालते, जगाशी बोलणे टॉरच्या वाटेनेच होते, आणि बंद करतेवेळी ती स्मृती पुसून टाकते. एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ साली अमेरिकन हेरगिरीचे कागद पत्रकारांच्या हाती दिले तेव्हा हीच प्रणाली त्यांच्या उपयोगी पडली. २०२४ साली टेल्सचा संसार टॉरच्या संस्थेत विलीन झाला. इंद्रायणीकाठच्या मंडळींना ही गोष्ट थोडी विपरीत वाटेल. आपल्या नदीची ख्याती तुकोबांच्या बुडविलेल्या वह्या परत देण्याबद्दल. आणि येथे बुडालेले पुन्हा वर येऊ नये म्हणून एवढी खटपट!

हे दोन इतिहास आता एकत्र आणू. टेल्ससाठी पेनड्राइव्ह तयार करा, संगणक बंद करा, पुन्हा सुरू करताना योग्य कळ दाबा, हा खटाटोप नको म्हणून पुष्कळ जण तिला आभासी यंत्रात पाहुणी म्हणून बोलावितात. आम्हीही तेच केले. घरात एक जुना संगणक होता. त्याची स्मृती एकंदर चार जीबी, त्यातील दोन पाहुणीस दिली. यजमान उरलेल्या दोनांत धापा टाकू लागला, पडद्यावरचा बाण जागच्या जागी गोठला, आणि घरातील लहान मंडळींची चांगली करमणूक झाली. अर्ध्या घटकेने पाहुणी उभी राहिली. तिने काम केले, आम्ही तिला निरोप दिला, तिने आपली स्मृती पुसली आणि ती गेली.

मग आम्ही यजमानाची वही उघडली. व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक आभासी यंत्राची एक नोंदवही ठेवतो. तीत पाहुणी केव्हा आली, तिला किती स्मृती दिली, केव्हा गेली, हे सर्व मिनिट-सेकंदांसह मांडलेले होते. पाहुणी विसरली होती. यजमानाच्या लक्षात होते. त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. काम अर्धवट असताना जेवणाची हाक आली, म्हणून आम्ही "स्थिती जतन करा" ही कळ दाबून उठलो. त्या एका कळीने पाहुणीची सारी तात्पुरती स्मृती, म्हणजे जी कधी तबकडीवर जाऊच नये म्हणून तो सर्व प्रपंच रचला, ती जशीच्या तशी यजमानाच्या हार्ड डिस्कवर फाइल होऊन बसली. शिवाय यजमानास जागा अपुरी पडली म्हणजे तो स्मृतीतील पाने आपणहून डिस्कवर उतरवितो. त्यांत पाहुणीची पाने असू शकतात, आणि पाहुणीस ते कळण्याचा मार्ग नाही. कळफलकावर दाबलेले प्रत्येक अक्षर आधी यजमानाच्या हातून जाते. पडद्यावर उमटणारे चित्र तोच रंगवितो. यजमानाच्या घरात कोणी चोर शिरलेला असेल तर पाहुणीच्या खोलीला कुलूप आहे की नाही याची त्याने पर्वा का करावी? तो तर भिंतीतच आहे. टेल्स बनविणारे स्वतःच हा इशारा देतात, आणि यजमान व सूत्रधार दोघेही विश्वासाचे असतील तरच असा वापर करा म्हणून सांगतात. पोपेक-गोल्डबर्गचे तिसरे लक्षण ते हेच: सत्ता सर्वस्वी सूत्रधाराची.

या सत्तेचे भयंकर रूप २००६ साली पोलंडच्या योआन्ना रुटकोव्स्का या तरुण विदुषीने लास व्हेगास येथील परिषदेत दाखविले. तिचा "ब्लू पिल" नावाचा कार्यक्रम चालत्या संगणकात शिरे, आणि मूळच्या ऑपरेटिंग सिस्टिमला बंद न करता, तिला न कळू देता, उचलून एका आभासी यंत्रात ठेवी. काल जो यजमान होता तो आज पाहुणा झाला आणि त्यास त्याचा पत्ताच नाही! आपण सिंहासनावर खरे बसलो आहो की रंगभूमीवर, हे राजाने ठरवावे कसे? ही गोष्ट कायम लपून राहू शकेल काय, यावर त्या वेळी मोठी वादावादी झाली. लपविणे वाटते तितके सोपे नाही असे म्हणणाऱ्यांचा पक्ष आम्हांस अधिक बळकट वाटतो. आभासी यंत्रात कामास लागणारा वेळ किंचित वेगळा पडतो, आणि काळाचे सोंग आणणे सर्वांत कठीण.

पण विशेष हे की, ज्या बाईने आभासी यंत्राचे विष दाखविले तिनेच पुढे त्याचे औषध केले. २०१० साली तिने क्यूब्स ही ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०१२ साली निघाली. क्यूब्समध्ये नेहमीच्या अर्थाचा यजमानच ठेवलेला नाही. अगदी खाली एक लहान सूत्रधार, त्याच्यावर घरकाम पाहणारी एक खोली जिला बाहेरच्या जगाकडे दारच नाही, आणि बाकी सगळ्या वेगवेगळ्या खोल्या: बँकेची वेगळी, पत्रव्यवहाराची वेगळी, परक्याने पाठविलेली फाइल उघडण्याची वेगळी, की जी काम संपताच मोडून टाकावी. एका खोलीस आग लागली तर ती तेथेच विझावी. आमच्या मते वाड्याची रचना ज्यास कळली त्यास क्यूब्स कळली.

त्याच वर्षी, २०१२ साली, व्होनिक्स निघाली. तिच्यात दोन आभासी यंत्रे असतात. एक देवडी, जी फक्त टॉरशी बोलते. दुसरी कामाची खोली, जिला देवडीखेरीज बाहेर जाण्यास वाट नाही. कामाच्या खोलीस आपला खरा पत्ता ठाऊकच नसतो. या साध्या वाटणाऱ्या विचाराची किंमत २०२० साली उघडकीस आलेल्या एका प्रकरणावरून कळते. कॅलिफोर्नियातील एक नराधम टेल्सच्या आडून अल्पवयीन मुलींस धमक्या देत असे. फेसबुक कंपनीने पदरचे पैसे देऊन टेल्समधील चित्रफीत दाखविणाऱ्या कार्यक्रमाचे एक छिद्र शोधविले, अमेरिकन तपासयंत्रणेने सापळ्याची चित्रफीत त्याच्याकडे पोहोचती केली, आणि ती उघडताच त्याचा खरा पत्ता बाहेर पडला. तो पकडला गेला याचा खेद कोणास होणार? पण शास्त्र म्हणून पाहता चित्रफीत दाखविणाऱ्या कार्यक्रमास आपला पत्ता कळू शकत होता, हेच त्या छिद्राचे मूळ. ज्या खोलीस पत्ताच माहीत नाही तिने तो सांगावा कसा? अर्थात अशा खोलीतूनही भिंत फोडता येते. २०१५ साली एक छिद्र सापडले. ते होते आभासी यंत्रातील फ्लॉपी तबकडीच्या भागात. फ्लॉपी वापरणे लोकांनी केव्हाच सोडले होते, पण तो भाग २००४ पासून कोणी न पाहता तसाच पडून होता, आणि त्यातून पाहुण्यास यजमानाच्या घरात उतरता येत होते. जुन्या वाड्यात विसरलेली मोरी असते, तशी.

आता कोणी विचारील, हा सर्व खटाटोप साध्या माणसास हवा कशाला? ज्याने पाप केले नाही त्यास लपविण्याजोगे काय असते? हा प्रश्न आपल्या देशाच्या न्यायालयांपुढेही आला होता. १९५४ साली आठ न्यायमूर्तींनी आणि १९६२ साली खरकसिंग खटल्यात सहा न्यायमूर्तींच्या बहुमताने असे म्हटले की, खाजगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नव्हे. खरकसिंगाच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावीत. ते तेवढे न्यायालयाने रद्द ठरविले, पाळत मात्र राहू दिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हे दोन्ही निर्णय त्या मुद्द्यापुरते मोडीत काढले. चौघांच्या वतीने मुख्य निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. त्यांचे मूळ घराणे पलीकडच्याच खेड तालुक्यातील कनेरसरचे. त्याच निकालपत्रात त्यांनी आणीबाणीतील १९७६ सालचा जबलपूर खटल्याचा निर्णयही चुकीचा ठरविला. आणि त्या निर्णयाच्या बहुमतात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. वडिलांची चूक वडिलांच्या नावासह सरकारी कागदावर लिहिणे ही गोष्ट सोपी नव्हे.

आणि साध्या माणसाचे उदाहरण हवे असेल तर ते येथून दोन-तीन कोसांवर आहे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून मावळातील जमिनींचे गैरव्यवहार उजेडात आणीत. द्रुतगती मार्गाच्या आसपास जमिनीला सोन्याचा भाव आला होता. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी ते फिरावयास निघाले असता तळेगावातच त्यांचा खून झाला. मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून आपण होऊन त्या प्रकरणाची दखल घेतली. हे नाव आम्ही येथे जपून घेतो. टेल्स किंवा क्यूब्स असती तर ते वाचले असते, असे म्हणणे खोटे आणि थोडे निर्दयपणाचेही होईल. कारण त्यांच्या अर्जावर त्यांचे नाव होते. माहिती मागणाऱ्याने कारण सांगण्याची गरज नाही असे त्या कायद्याचे सहावे कलम म्हणते. पण संपर्कापुरता पत्ता द्यावाच लागतो. अर्जावर पत्ता म्हणून टपाल पेटीचा क्रमांक पुरेल, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितले ते २०१३ साली, म्हणजे तळेगावच्या त्या सकाळीनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने. कार्यालयातील आवक-जावक वही ही देखील यजमानाचीच वही आहे. तीत काय लिहावे हे पाहुणा ठरवीत नाही. अशा माणसास कागद आणून देणारे, अमुक सर्व्हे नंबर पाहा म्हणून कानात सांगणारे जे असतात, त्यांच्यासाठी मात्र देवडी आणि आतली खोली यांचा उपयोग आहे.

या कथेस अलीकडे आणखी एक वळण मिळाले आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील एका पोटकलमात दुरुस्ती केली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती अमलात आली. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय, व्यापक लोकहित आहे काय, हे त्या पोटकलमातच पाहावे लागे. आता "वैयक्तिक माहिती" एवढेच शब्द तेथे राहिले आहेत. लोकहिताचे दुसरे कलम शिल्लक आहे, असे सरकार पक्ष म्हणतो; ते खरेही आहे. पण त्याचा आधार घेण्यासाठी आता अर्जदारानेच अधिक झगडावे लागेल, असे आमचे मत आहे. जो खाजगीपणा खरकसिंगाच्या दारासाठी मागितला होता, तो आता कचेरीच्या कपाटालाही मिळाला.

आमच्या प्रयोगाचे शेवटी काय झाले, असे कोणी विचारील म्हणून सांगून टाकतो. आभासी यंत्रातील पाहुणचार आम्ही शिकण्यापुरता ठेवला. टॉर म्हणजे काय, टेल्सचा पडदा कसा दिसतो, हे घाबरल्याशिवाय पाहण्यास तो फार चांगला. काही बिघडले तर पाहुणी मोडावी, नवी उभी करावी. घराला धक्का लागत नाही. खरे काम असेल त्या दिवशी मात्र आम्ही तीनशे-चारशे रुपयांचा पेनड्राइव्ह घेतो आणि यजमानास उठवीतच नाही. त्याच जुन्या संगणकावर, चारही जीबी स्मृती हाताशी असल्यामुळे, ती चांगली चालते. पेनड्राइव्ह उपसून काढला की पडदा काळा होतो आणि यंत्र आपोआप बंद पडते. त्या दिवसाच्या कामाची नोंद यजमानाच्या वहीत नाही. पहिल्या दोन दिवसांची मात्र अजून आहे, तारीख-वेळेसह. आम्ही ती पुसलेली नाही, कोणी शिकावयास आले म्हणजे तीच उघडून दाखवितो.